ओसाड लोहमार्गांचे ऋण

जुन्या वस्तूंविषयी आपल्या मनात जो आदर असतो, त्याची वाटणी आपण फार विषम रीतीने करतो. देवालय पडके असले तरी त्याच्यापुढे हात जोडले जातात. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. एखाद्या सरदाराच्या वाड्याची नक्षीदार तुळई मोडीत निघाली तर चार रसिक माणसे एकत्र जमून निषेधाचा ठराव करतात. परंतु रेल्वेचा जुना मार्ग बदलला, रूळ उखडून नेले आणि मागे दगडी कमानींचा एखादा पूल, गवताने झाकलेला भराव आणि वटवाघळांनी बळकावलेला बोगदा एवढेच उरले, तर तिकडे मान वळवून पाहण्याचेही कारण बहुतेकांना दिसत नाही. देवळात देव होता, किल्ल्यात राजा होता. येथे काय होते? आगगाडी होती, आणि ती तर आता दुसऱ्या वाटेने जाते!

गेल्या काही वर्षांत मात्र एक नवी आवड वाढीस लागलेली दिसते. काही तरुण मंडळी सुटीच्या दिवशी गडकिल्ल्यांप्रमाणेच सोडून दिलेले लोहमार्गही धुंडाळावयास जातात, जुन्या नकाशांशी ताडून भराव ओळखतात, पुलाचे उरलेले खांब मोजतात आणि त्यांची छायाचित्रे घेतात. घरातील वडील मंडळी विचारतात, "ज्या वाटेने कोणी जात नाही, त्या वाटेवर जाऊन तुम्हांस मिळते तरी काय?" प्रश्न थट्टेने विचारलेला असतो, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही असे आम्हांस वाटते. त्याच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न आहे. ज्या वस्तूने आपली सेवा केली तिचा उपयोग सरला, म्हणजे तिच्याशी असलेला आपला संबंधही सरतो काय? दुसऱ्या शब्दांत, उपयोग संपल्याने ऋण फिटते काय?

नाशिककरांना हा प्रश्न परका वाटू नये. मुंबईहून ईशान्येकडे निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1865 च्या आरंभी थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून इगतपुरीस आला. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या सुमारे सव्वानऊ मैलांत हा मार्ग 972 फूट उंची गाठतो. काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे. इतक्या चढावर गाडी एका इंजिनाने ओढवत नाही, म्हणून कसाऱ्यास तिच्या मागे जादा इंजिने लावून ती वर ढकलावी लागते. ही गोष्ट या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या परिचयाची असेल. त्याच्या परिचयाची बहुधा नसेल अशी गोष्ट निराळीच आहे. आज गाडी जशी विनाखंड वर येते तशी ती आरंभी येत नसे. थळ घाटात आणि पुण्याकडील भोर घाटात, अशा दोन्ही ठिकाणी, पहिल्या आखणीत 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. डोंगराच्या कड्यावर गाडीला वळावयास जागा नसे; म्हणून ती एका अरुंद सपाटीवर येऊन थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि मग गाडी उलट तोंडाने पुढचा चढ चढू लागे. डोंगराची पायवाट जशी नागमोडी चढते तसाच हा प्रकार होता. फक्त नागमोडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर गाडीला पुढची बाजू मागे करावी लागे.

पुढे इंजिने बलवान झाली, बोगदे खोदण्याची साधने सुधारली आणि विजेचे युग आले. भोर घाटातील रिव्हर्सिंग स्टेशन 1929 साली नव्या आखणीमुळे निरुपयोगी झाले. थळ घाटातील तसलीच व्यवस्थाही काळाच्या ओघात गेली. ज्या सपाटीवर गाड्या थांबत, मुले खिडकीतून दरी पाहत आणि इंजिने पाण्यावर येत, त्या जागा डोंगराच्या अंगावर जुन्या जखमेच्या वणासारख्या राहिल्या.

खुद्द नाशिक शहरातही असा एक लोहमार्ग होता आणि तो आज डोळ्यांस दिसेनासा झाला आहे. मुख्य लोहमार्ग शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूरून गेल्यामुळे नाशिकरोड स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूस शहरापर्यंत येण्याची अडचण पडे. ती दूर करण्यासाठी 1889 च्या सुमारास स्थानकापासून शहरापर्यंत अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली. आरंभी तिला घोडे जुंपलेले असत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ज्या अभियंत्याचा या ट्रामशी संबंध होता, त्यानेच पुढे 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे उभारली. अडीच फूट रुंदीच्या मार्गावरून मोठी वाहतूक कशी करता येते हे त्या रेल्वेने जगास दाखविले आणि पुढे पंढरीच्या लाखो वारकऱ्यांना विठोबाच्या पायांशी नेऊन पोचविले. नाशिकची ट्राम मात्र तोट्यात गेली आणि 1930 नंतरच्या दोनचार वर्षांत बंद पडली. रामकुंडावर अस्थी घेऊन येणारी किती माणसे त्या घोड्यांच्या ट्रामने आली असतील! आज त्या रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्यास तिची आठवण करून देणारे काहीच दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यावर दोन पक्ष संभवतात, आणि दोहोंतही काही तथ्य आहे.

पहिला पक्ष उपयुक्ततावाद्यांचा. ते म्हणतात, रेल्वे ही वाहतुकीसाठी आहे, भक्तीसाठी नव्हे. अधिक चांगला मार्ग सापडला की जुना टाकून द्यावा, त्याचे लोखंड वितळवावे, दगड दुसऱ्या कामास लावावेत. यात शोक करण्यासारखे काय आहे? या म्हणण्याचे बळ आम्ही नाकारीत नाही. भोर घाटातील जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या परिसरातच 1830 सालच्या घाटरस्त्यावरचा एक पूल होता. एका औषधी मलमाच्या जाहिरातीमुळे लोक त्यास 'अमृतांजन पूल' म्हणू लागले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याच्या कमानींखालून गेला, आणि पुलाच्या खांबांमुळे त्या ठिकाणी रस्ता अरुंद होऊन वाहनांची कोंडी व अपघात होऊ लागले. अखेर 2020 च्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीमुळे रस्ता मोकळा असता, तो पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. एकशेनव्वद वर्षांची वास्तू काही क्षणांत मातीस मिळाली. कित्येकांना दुःख झाले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु जिवंत माणसांचे प्राण आणि मृत माणसांचे दगड यांत निवड करावयाची वेळ आली, तर कोणती बाजू घ्यावी याविषयी विवेकी मनुष्यास संशय पडू नये. जुने तेवढे उत्तम असेही काही नाही. भोर घाटातीलच 'माहू की मल्ली' नावाचा पूल घाटमार्ग पुरा होऊन पाच वर्षेही झाली नव्हती, तोच 1867 साली कोसळला, आणि त्याचे कारण निकृष्ट गवंडीकाम हे ठरले. केवळ वय वाढल्याने दगडास पावित्र्य येत नाही.

दुसरा पक्ष सौंदर्यवाद्यांचा. त्यांना उजाड पुलाच्या कमानींतून दिसणारा सूर्यास्त आवडतो. बोगद्याच्या तोंडावर पसरलेल्या वेली पाहून त्यांस एक गोड उदासीनता वाटते. ही वृत्तीही आम्हांस निंद्य वाटत नाही. मनुष्याची कृती हळूहळू निसर्गाच्या स्वाधीन होताना पाहणे यात एक प्रकारचे तत्त्वज्ञान आहे. परंतु आवड ही नीतीचा पाया होऊ शकत नाही, कारण आवड बदलते. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात मॉन्सल डेल म्हणून एक रम्य दरी आहे. 1860 नंतर तिच्यातून रेल्वेचा एक उंच दगडी पूल गेला, तेव्हा जॉन रस्किनसारखा सौंदर्याचा श्रेष्ठ उपासक संतापून उठला. दरीचे देवत्व नष्ट झाले, असे त्याच्या आक्षेपाचे सार होते. 1968 साली तो लोहमार्ग बंद पडला. त्यानंतर दोनच वर्षांनी तोच पूल जतन करावयाच्या वास्तूंच्या यादीत गेला, आणि आज लोक तो पाहण्यासाठीच त्या दरीत जातात. शंभर वर्षांपूर्वी जो निसर्गावरील अत्याचार होता तोच पुढे निसर्गाचा अलंकार ठरला! पूल एकच, दगड तेच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर. अशा चंचल साक्षीदाराच्या साक्षीवर आपल्या कर्तव्याचा निवाडा कसा करावा?

शिवाय या रम्यतेच्या पोटी एक प्रकारची निष्ठुरताही लपलेली असू शकते. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे लोकांनी मोठ्या जिव्हाळ्याने 'शकुंतला' या नावाने ओळखली. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी एका विलायती कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधली. कापसाचे दिवस गेल्यावर ती गरिबांची गाडी झाली. ती सावकाश चाले, पण तिचे भाडे शेतमजुराच्या खिशास परवडे. अलीकडे ती बंद पडली. शहरातून आलेल्या छायाचित्रकाराला तिची गंजलेली स्थानके चित्तवेधक वाटतील. परंतु ज्या म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात जाण्यासाठी आता दुप्पट-तिप्पट भाडे मोजावे लागते, तिला त्या गंजात सौंदर्य दिसेल काय? प्रवाशाचे भग्नावशेष हे पुष्कळदा रहिवाशाचे नुकसान असते. म्हणूनच तेथील लोक तिचे स्मारक मागत नाहीत, ती पुन्हा चालू करण्याची मागणी करतात. आणि अशी मागणी वेडेपणाचीही नव्हे. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याच्या रेल्वेचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा भाग युद्धाच्या गरजेसाठी 1942 साली उखडला गेला होता. तो 1954 साली पुन्हा घातला गेला. मेलेला मार्ग पुन्हा जिवंत होऊ शकतो. म्हणून एखाद्या मार्गाला घाईने मृत म्हणणे हेही विचारपूर्वकच करावे.

तेव्हा उपयोग आणि सौंदर्य या दोन्ही कसोट्या अपुऱ्या पडतात. दोहोंचा दोष एकच आहे. उपयुक्ततावादी वस्तूकडे पाहतो आणि विचारतो, ही मला काय देते? सौंदर्यवादीही वस्तूकडे पाहून हाच प्रश्न विचारतो. केवळ त्याच्या मागणीचे स्वरूप निराळे असते. ही वस्तू कोणी केली, आणि करताना त्याला काय द्यावे लागले, हे दोघेही विचारीत नाहीत.

आपल्या शेतकऱ्याच्या आचारात या बाबतीत एक धडा आहे. बैल म्हातारा झाला, नांगर ओढीनासा झाला, तरी पोळ्याच्या दिवशी त्याच्याही शिंगांना रंग लागतो आणि त्याच्याही मुखी पुरणाची पोळी जाते. हिशेबाच्या वहीत हा खर्च बसत नाही. परंतु ज्याने दहा वर्षे आपले शेत नांगरले त्याला, आता तू कामाचा नाहीस, असे म्हणणाऱ्या माणसास गाव चांगले म्हणत नाही. येथे कोणी सहजच म्हणेल, बैलास जीव आहे, पुलास नाही. दगडाला उपेक्षेचे दुःख होत नाही. हे अगदी खरे. म्हणूनच आम्ही पुलाचे ऋण मानीत नाही. आम्ही म्हणतो ते ऋण पूल बांधणाऱ्या माणसांचे.

ती माणसे कोण होती? भोर घाटाचे काम 1856 साली सुरू झाले आणि 1863 साली पुरे झाले. काम ऐन भरात असता, 1861 साली, तेथे बेचाळीस हजार माणसे राबत होती. त्या काळी एवढ्या वस्तीची गावेही आपल्याकडे मोजकीच असतील. कित्येक ठिकाणी कड्यावर पाय ठेवावयास जागा नसे, तेव्हा माणसे दोरांनी खाली सोडून त्यांच्याकडून सुरुंगाची भोके पाडवून घ्यावी लागत. पावसाळ्यात काम थांबे, आणि साथीच्या दिवसांत पटकी मजुरांच्या झोपड्यांत शिरून मोठी मनुष्यहानी करी. मजुरी वेळेवर व पुरती मिळत नाही अशा तक्रारींवरून 1859 साली मजुरांनी दंगा केला, आणि त्याची सरकारी चौकशी होऊन पहिल्या कंत्राटदारास काम सोडावे लागले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला. तो मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची विधवा पत्नी ॲलिस हिने कंत्राट चालवून काम तडीस नेले. सबंध मार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले यालाही दोन्ही घाटांतून गाडी गेलेली पाहणे नशिबी नव्हते. तो 1862 सालीच मरण पावला.

वाचकांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. बर्कले, ट्रेडवेल आणि ॲलिस यांची नावे आम्ही लिहू शकलो. त्या बेचाळीस हजारांतील एकाचेही लिहू शकलो नाही. याचे कारण उघड आहे. नावे लिहिणारी माणसे निराळी होती आणि दगड उचलणारी निराळी. थळ घाटातही असेच झाले. कोणी वडार, कोणी कोळी, कोणी कुणबी, कोणी महार. कोणी पोटासाठी देशावरून उतरलेले, कोणी कोकणातून चढलेले. त्यांच्या बायका डोक्यावर पाट्या वाहत आणि मुले खडी फोडीत. त्यांची वंशावळ कोणा तीर्थोपाध्यायाच्या वहीत सापडेल की नाही कोण जाणे. रेल्वेच्या वहीत तर ती 'मजूर' या एका शब्दात आटोपली आहे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, "हे लोहमार्ग परकी सत्तेने आपल्या स्वार्थासाठी बांधले. कंपन्यांच्या भागीदारांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, आणि ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून पुरी करण्यात आली. कापूस बाहेर नेण्यासाठी आणि सैन्य आत आणण्यासाठी जी वाट झाली, तिचे ऋण कसले मानता?" दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या ओघाविषयी जन्मभर सांगितले, त्यात या हमीचाही वाटा होता, तेव्हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याने आमचे म्हणणे खोडले जात नसून उलट दृढच होते. मालकाचे आभार मानणे आणि कारागिराचे ऋण मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालकास त्याचे पाच टक्के मिळाले. त्याचा हिशेब केव्हाच चुकता झाला. ज्याला रोजची मजुरीही धडपणे मिळाली नाही आणि जो घाटातच कोठेतरी मातीआड झाला, त्याचा हिशेब मात्र तसाच राहिला आहे. त्याच्या श्रमाचे फळ पुढे आपल्याला मिळाले. त्याच्या बोगद्यातून आपले आजोबा मुंबईस शिकावयास गेले आणि आजी माहेरी आली. धनको मेला म्हणून कर्ज बुडत नाही. ते केवळ फेडावयास कठीण होते.

मग ते फेडावे कसे? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असे वैदिक काळापासून मानले गेले. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात यांच्या जोडीस मनुष्यऋण हे चौथेही सांगितले आहे. यांतील प्रत्येक ऋण फेडण्याचा मार्ग निराळा. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने. ऋषींचे ऋण कशाने फिटते? अध्ययनाने. ऋषीला धन नको, अन्न नको; त्याने जे केले ते जाणून घ्यावे, आणि जाणलेले पुढच्यास सांगावे, एवढेच त्याचे मागणे आहे. आमच्या मते मृत कारागिराचे ऋणही याच जातीचे आहे. त्याला आता मजुरी देता येत नाही, औषध देता येत नाही. त्याने काय केले हे जाणणे आणि सांगणे, एवढेच आपल्या हाती उरले आहे. या दृष्टीने पाहिले असता, ओसाड भरावावरून वही घेऊन हिंडणारा तरुण रिकामटेकडा नसून एक प्रकारचे अध्ययनच करीत असतो. त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

नाशिकमध्ये तरी हा विचार सहज पटावा. रामकुंडावर तर्पण करताना मनुष्य केवळ आपल्या बापाला आणि आजाला पाणी देत नाही. ज्यांना पाणी द्यावयास कोणी उरले नाही, त्या अनोळखी जिवांसाठीही एक ओंजळ सोडावी, असा आचार आहे. ज्या कोणी हा विधी प्रथम योजिला त्याच्या मनाची थोरवी विचार करण्याजोगी आहे. नात्याचे ऋण तर कोणीही मानील. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याचे ऋण मानणे यातच धर्माची कसोटी आहे.

अर्थात् अध्ययन म्हणजे प्रत्येक दगड राखणे नव्हे. जो पूल कोणाच्या वाटेत नाही तो त्याच्या ठिकाणी राहू द्यावा. त्याच्या भोवतीची झाडे वर्षातून एकदा काढणे एवढाच त्याला खर्च. जो जिवास धोका करतो तो पाडावा. पण पाडण्यापूर्वी त्याचे मोजमाप, चित्र आणि वृत्तांत लिहून ठेवावा. ज्या ठिकाणी जुनी ट्राम थांबत असे किंवा जुना लोहमार्ग वळत असे, त्या ठिकाणी चार ओळींची पाटी लावणे नगरसंस्थेस अवघड नाही. आणि तीवर उद्‌घाटकाचे नाव घालण्याऐवजी किती माणसांनी किती वर्षे तेथे काम केले हे लिहावे. आम्ही जे महाविद्यालयांतून शिकवितो, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस लंडनच्या पुलांची माहिती परीक्षेपुरती पाठ करावयास लावण्यापेक्षा इगतपुरीच्या जुन्या रेल्वे-कामगारांच्या घरी पाठवून त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी टिपून घ्यावयास सांगितले, तर इतिहासाचा अभ्यास अधिक सार्थ होईल. तरुणांनाही एक सूचना करणे अवश्य वाटते. ज्या बोगद्यांतून आजही गाड्या धावतात त्यांत शिरणे हे अध्ययन नव्हे. तो अविचार होय, शिवाय गुन्हाही होय. एका मृताचे ऋण फेडावयास जाऊन दुसरा मृत्यू ओढवून घेणे कोणालाच शोभत नाही.

आणि चौथे ऋण, मनुष्यऋण? ते जिवंत माणसांचे असते, आणि अन्न व आसरा दिल्याने फिटते असे सांगितले आहे. येथे ओसाड लोहमार्गाचा प्रश्न आपल्या अगदी दाराशी येऊन उभा राहतो. ज्या डोंगरात दीडशे वर्षांपूर्वी थळ घाटाचे बोगदे खोदले गेले, त्याच डोंगरात इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाचे सुमारे पावणेआठ किलोमीटरचे जुळे बोगदे झाले आहेत. हा महामार्ग 701 किलोमीटरांचा असून त्याचा शेवटचा टप्पा 2025 साली वाहतुकीस खुला झाला. घाट आता काही मिनिटांत ओलांडता येतो, आणि आपण त्याचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच मार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात, 2023 च्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस मध्यरात्री पुलाचे तुळे बसविणारे अवजड यंत्र कोसळून वीस माणसे ठार झाली. त्यांतील पुष्कळ लोक दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले होते. त्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला आठवते काय? वर्तमानपत्रांनी ती छापली होती. आपण वाचली आणि विसरलो. 1861 च्या मजुराचे नाव कोणी लिहिलेच नव्हते असे म्हणून आपण त्या काळास दोष देऊ शकतो; आपल्या काळाच्या बाबतीत तशी सबब सांगता येत नाही.

म्हणून आम्हांस वाटते की जुन्या पुलाजवळ जाऊन उभे राहण्याचा खरा उपयोग भूतकाळासाठी जितका आहे त्याहून अधिक वर्तमानकाळासाठी आहे. ज्याला ओसाड कमानीत तिचा गवंडी दिसू लागला, त्याला चालू रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली राहणारा मजूरही दिसू लागेल. त्याच्या डोक्यावर धड छप्पर आहे काय, त्याच्या मुलाला शाळा आहे काय, यंत्र कोसळू नये म्हणून कोणी पाहत आहे काय, असे प्रश्न तो विचारू लागेल. हे प्रश्न अडचणीचे आहेत आणि ते विचारणाऱ्याला कामात खोडा घालणारा म्हणण्याची रीत आहे; तरीही ते विचारले गेले पाहिजेत, आणि माणूस जिवंत आहे तोवर विचारले गेले पाहिजेत. तो गेल्यानंतर आपल्याजवळ केवळ अध्ययन उरते.

आजचा महामार्गही एके दिवशी जुना होईल. त्याहून सोयीची वाट निघेल, त्याच्या बोगद्यांच्या तोंडांवर वेली चढतील, आणि त्या काळातील कोणी तरुण वही घेऊन तेथे येईल. त्याने शोध केला तर त्याला अभियंत्यांची, मंत्र्यांची आणि कंपन्यांची नावे सापडतीलच. त्या यादीशेजारी कामावर राबलेल्या आणि कामावर मेलेल्या माणसांचीही यादी त्याला सापडावी, ही व्यवस्था आज आपल्यालाच करून ठेवता येण्यासारखी आहे. त्याला ती करता येणार नाही.